ब्रिक्सने आफ्रिकेला आयएमएफमधून सोडवलं म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतोय, माझ्या तीन ग्रुपवर येऊन गेला. मजकूर असा की ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका या मूळ पाच देशांचा गट) स्वतःची नोट आली, डॉलर संपला, ब्रिक्सची बँक आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाला बिनशर्त पैसे देते, त्यामुळे आयएमएफची, म्हणजे अटी घालून कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची, दादागिरी बंद, आणि आफ्रिका आता कच्चा माल विकत नाही. शेवटी नेहमीचं "मीडिया हे दाखवणार नाही".

नोटेचं आधी उरकतो. ऑक्टोबर 2024 ला रशियातल्या कझानच्या ब्रिक्स परिषदेत पुतिनच्या हातात दिसली ती नमुन्याची नोट होती, ती दाखवून कुठे कटिंग चहाही मिळणार नाही. ब्रिक्सचं चलन नाहीये. आपापल्या चलनात व्यापार करायची बोलणी चालू आहेत, थोडाफार होतोही, पण डॉलर हटवायचं भारताचं धोरण नाही हे जयशंकरांनीच डिसेंबर 2024 ला दोहात सांगितलंय.

बँक मात्र खरी आहे. न्यू डेव्हलपमेंट बँक, शांघायला ऑफिस, 2015 ला सुरू झाली, पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत, मुंबई मेट्रोलाही तिचं कर्ज आहे. जोहान्सबर्गला तिचं सेंटर पण आहे. पण "कुठल्याही देशाला" हे कुठून काढलं? आपल्या पतपेढीसारखंच आहे हो ते, आधी सभासद व्हा मग कर्जाचं बोला. आफ्रिकेत 54 देश, आणि बँकेचे सभासद म्हणजे दक्षिण आफ्रिका, इजिप्त, अल्जेरिया असे बोटावर मोजण्याइतके.

आता आयएमएफ, खरी गंमत इथे आहे. अडचणीच्या वेळी एकमेकांना डॉलर द्यायचे म्हणून ब्रिक्सच्या मूळ पाच देशांनी 100 अब्ज डॉलरची सोय करून ठेवलीय, चीनचे 41, दक्षिण आफ्रिकेचे 5, बाकी तिघांचे 18-18. तर नियम असा की तुमच्या मर्यादेतले 30 टक्केच सरळ मिळतात, उरलेले 70 टक्के हवेत तर आधी आयएमएफशी करार करून या! म्हणजे जिला टाळायला हे काढलं तीच नियमावलीत बसलीय. इजिप्त आणि इथिओपिया ब्रिक्समध्ये आले 1 जानेवारी 2024 ला. मार्चमध्ये इजिप्तने आयएमएफचा कार्यक्रम 3 अब्जांवरून 8 अब्ज डॉलरवर नेला आणि त्यासाठी आपलं चलन पाउंड घसरू दिलं. जुलैत इथिओपियाने आयएमएफच्याच 3.4 अब्जांसाठी आपलं चलन, बिर, बाजारभावावर मोकळं सोडलं, बिर आधी डॉलरला 57 च्या आसपास होता तो वर्ष संपेपर्यंत 120 च्या पुढे गेला, आता तिथे तेल-औषधं घेणाऱ्या माणसाला कोणी हा फॉरवर्ड वाचून दाखवा. आणि ज्याच्याकडे दोन्ही दारं होती त्या दक्षिण आफ्रिकेने 2020 ला कोविडमध्ये काय केलं? ब्रिक्स बँकेकडून 1 अब्ज घेतले आणि आयएमएफकडून 4.3 अब्ज.

मग ब्रिक्सचा उपयोग शून्य का? नाही, तसं मी म्हणत नाहीये. एका सावकारापेक्षा दोन सावकार बरे, घासाघीस तरी करता येते. फक्त पहिला सावकार अजून गावातच आहे.

कच्च्या मालाचा मुद्दा माझ्या पोटापाण्याचा, मी लातूरला एका डाळ मिलचा हिशेब बघतो. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत येते, त्याआधी भाव चढलेले असतात, तेव्हा मोझांबिक, टांझानियाची तूर बंदरावर लागते. मोझांबिकशी तर सरकारचा 2016 पासून करार आहे. येते ती अख्खी तूर. भरडणं, पॉलिश, पॅकिंग सगळं इथे, इतकंच काय उरलेली चुनीसुद्धा इथल्याच गुरांच्या पोटात जाते, तिकडच्या शेतकऱ्याला मिळतो फक्त तुरीचा भाव. आणि भारत ब्रिक्सचा मूळ सभासद बरं का, म्हणजे कच्चा माल उचलणाऱ्यांत आपणही आहोत, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

ज्यांनी खरंच काही केलं त्यांचं नाव तर त्यात नाहीच. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन या देशाने एप्रिल 2024 पासून कच्ची काजू बी बाहेर पाठवायला बंदी केली, फोडायची तर आमच्याकडेच फोडा म्हणून. आफ्रिकेच्या बीवर चालणारे काजू कारखाने आपल्या कोकणातही आहेत, त्यांना विचारा. आणि बेनिन ब्रिक्समध्ये नाहीये.