शोमरोन्यांनी तोरा भ्रष्ट केला? एका फिरत्या मजकुराला उत्तर

हा मजकूर तुमच्यापर्यंतही आला असेल: "शोमरोनी हे अश्शूरच्या राजाने आणून वसवलेले परके लोक. त्यांनी मोशेच्या तोरात 6,000 फेरफार केले. यहुद्यांनी एक अक्षरही बदललं नाही. आणि शोमरोनी नुसत्या अक्षराला चिकटून राहिले, शास्त्राचा अर्थ लावण्याची परंपरा त्यांच्याकडे नाहीच."

आमच्या बायबल अभ्यासवर्गात हा वाचून दाखवला गेला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते लागलं. हा शोमरोनी (सॅमॅरिटन) समाज आज जेमतेम आठ-नऊशे माणसांचा उरला आहे. ती नाब्लुसजवळच्या गरिज्जीम या त्यांच्या पवित्र डोंगरावर आणि तेल अवीवजवळच्या होलोनमध्ये राहतात. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं (उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद), एवढंच त्यांचं शास्त्र, आणि स्वतःला ते 'शामेरीम', म्हणजे जतन करणारे, म्हणवतात. अशा लोकांना लबाड ठरवायचं तर पुरावा भक्कम हवा.

आधी तो 6,000 चा आकडा. आकडा खोटा नाही, त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले या रोमच्या प्रवाशाने 1616 साली दमास्कसमध्ये शोमरोनी तोराची एक हस्तलिखित प्रत विकत घेतली (हाच गृहस्थ पुढे 1623 मध्ये गोव्याला आला होता). ती प्रत युरोपात पोचली, 1645 मध्ये पॅरिसला छापली गेली, आणि लगेच कॅथलिक व प्रोटेस्टंट पंडित तिच्यावरून भांडू लागले. यहुद्यांचा हिब्रू पाठ विश्वासार्ह आहे की नाही, हा त्यांचा वाद. फरक मोजले गेले ते या भांडणात, म्हणजे हा आकडा जन्मापासूनच कुणावर तरी फेकायला वापरला गेला.

त्या 6,000 पैकी बहुतेक फरक लेखनाचे आहेत. आपल्याकडे एकाने 'कवी' लिहावं आणि दुसऱ्याने 'कवि', तसे. हिब्रूत स्वर दाखवायला 'वाव' किंवा 'योद' हे अक्षर घालायचं की नाही, एवढाच प्रश्न शेकडो ठिकाणी आहे. आणि सुमारे 1,900 ठिकाणी शोमरोनी पाठ सेप्टुअजिंटशी, म्हणजे यहुद्यांनीच केलेल्या प्राचीन ग्रीक भाषांतराशी, जुळतो आणि मसोरा पाठाशी, म्हणजे यहुद्यांच्या प्रमाण हिब्रू पाठाशी, जुळत नाही. तिथे फेरफार शोमरोन्यांनी केला असं म्हणायचं, तर अलेक्झांड्रियातले यहुदी त्यांच्या कटात सामील होते असंही म्हणावं लागेल.

काही फरक मोठे आहेत, ते लपवायचं कारण नाही. मिसरातल्या पीडांच्या कथेत देव मोशेला सांगतो, "जा, फारोला असं असं सांग." मोशे गेला आणि बोलला, हे मसोरा पाठात बऱ्याचदा वाचकाने समजून घ्यायचं असतं. शोमरोनी पाठात मोशे जातो आणि तेच शब्द पुन्हा उच्चारतो. निर्गमच्या 18व्या अध्यायात न्यायाधीश नेमण्याची हकीकत आहे. तिथे अनुवादच्या पहिल्या अध्यायातल्या ओळी आणून बसवल्या आहेत. हे शोमरोन्यांचं काम, असं फार काळ मानलं जात होतं. 1952 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानची चौथी गुहा सापडली आणि तिच्यातून जुन्या हिब्रू लिपीतली निर्गमची एक गुंडाळी निघाली, सुमारे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. तिच्यात हेच विस्तार आहेत. ती यहुद्यांच्या हातातली गुंडाळी होती. म्हणजे त्या काळी असा विस्तारित पाठ यहुद्यांमध्येही वाचला जात होता, आणि शोमरोन्यांनी त्यातलाच एक आपला म्हणून धरला.

एक गोष्ट मात्र त्या गुंडाळीत नाही: गरिज्जीमवर वेदी बांधा, ही शोमरोन्यांची दहावी आज्ञा. ती बसेल एवढी जागाच तिथे नाही, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. ही भर शोमरोनी समाजाने घातली, हे मला मान्य आहे. पण ती कशातून घडवली ते बघा. निर्गम 13 आणि अनुवाद 11 व 27 इथली वचनं उचलून एकत्र जोडली आहेत. जवळपास प्रत्येक शब्द तोरातूनच घेतलेला.

त्यातला एक शब्द वादाचा आहे. अनुवाद 27:4 मध्ये वेदीचे दगड कुठे उभारायचे? मसोरा पाठ म्हणतो एबाल डोंगरावर, शोमरोनी पाठ म्हणतो गरिज्जीमवर. त्याच अध्यायात आशीर्वाद गरिज्जीमवरून द्यायचा आहे आणि शाप एबालवरून. मग वेदी शापाच्या डोंगरावर का? जुन्या लॅटिन भाषांतराच्या एका हस्तलिखितातही इथे गरिज्जीमच आहे, आणि त्याचा शोमरोन्यांशी काही संबंध नाही. आज बरेच अभ्यासक या एका जागी गरिज्जीम हाच मूळ पाठ मानतात. मलाही ते पटतं. तसं असेल तर शोमरोन्यांशी वैर धरूनच कुणीतरी तिथे एबाल लिहिलं.

इथेच "यहुद्यांनी एक अक्षरही बदललं नाही" हा दावा डळमळतो. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की दोन्ही समाजांपुढे अडचणी त्याच होत्या आणि दोघांनीही अर्थ लावून त्या सोडवल्या. शोमरोन्यांनी अर्थ ओळीच्या आत लिहिला, रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, ओळीबाहेर.

निर्गम 12:40 घ्या. इस्राएल लोक मिसरात 430 वर्षं राहिले, असं मसोरा पाठ सांगतो. आता बेरीज करा. याकोबाबरोबर मिसरात गेलेल्यांच्या यादीत कहाथ आहे. तो 133 वर्षं जगला. त्याचा मुलगा अम्राम, 137 वर्षं. अम्रामचा मुलगा मोशे, फारोपुढे उभा राहिला तेव्हा 80 वर्षांचा. कहाथ तान्हा असताना गेला आणि प्रत्येकाला मुलगा अगदी मरताना झाला असं धरलं तरी 350 च्या पुढे हिशोब जात नाही. शोमरोनी पाठ ही 430 वर्षं "कनान देशात आणि मिसर देशात" मिळून मोजतो. ग्रीक भाषांतरही तसंच करतं. रब्बींनी ओळ तशीच ठेवली आणि सांगितलं की मोजणी अब्राहामाशी झालेल्या करारापासून करायची, मिसरातली वर्षं 210 च. पौलही गलतीकरांस पत्रात (3:17) 430 वर्षं वचनापासून नियमशास्त्रापर्यंतच मोजतो. अडचण तीच आणि उत्तरही जवळपास तेच. मग एकाला भाष्यकार आणि दुसऱ्याला लबाड का म्हणायचं?

हा प्रश्न त्या काळीही समोर आला होता, आणि तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात (सोटा 33ब), त्याची नोंद आहे. अनुवाद 11:30 मध्ये गरिज्जीम आणि एबाल कुठे आहेत ते सांगताना "मोरेच्या झाडांपाशी" असे शब्द आहेत. शोमरोनी पाठ त्यापुढे "शखेमासमोर" (शखेम म्हणजे आजच्या नाब्लुसजवळचं प्राचीन नगर) असं जोडतो. दुसऱ्या शतकातले रब्बी एलाझार बेन योसे शोमरोन्यांना म्हणाले, तुम्ही तोरात खोटं घातलंत आणि मिळवलं काहीच नाही. ती जागा शखेमच हे आम्हीही मानतो, पण आम्ही ते 'गझेरा शावा'ने शिकलो. गझेरा शावा म्हणजे एका ठिकाणचा शब्द दुसऱ्या ठिकाणच्या त्याच शब्दाशी जोडून अर्थ काढणं. उत्पत्ती 12:6 मध्ये अब्राम शखेमला, मोरेच्या झाडापाशी येतो, म्हणून इथेही शखेमच. रब्बींची तक्रार अर्थाविषयी नव्हतीच. अर्थ कुठे लिहिला, याविषयी होती.

आणि ओळीच्या आत अर्थ लिहिणं हे यहुदी शास्त्रालाही परकं नाही. वल्हांडणाचं कोकरू पाण्यात शिजवू नका, विस्तवावर भाजा, असं निर्गम 12:9 सांगतं. अनुवाद 16:7 च्या हिब्रूत मात्र शिजवण्याचं क्रियापद आहे. 2 इतिहास 35:13 च्या हिब्रूत लेखक दोन्ही सांधतो: त्यांनी कोकरू "विस्तवावर शिजवलं". हे आपल्या बायबलातलंच पुस्तक आहे.

शोमरोन्यांकडे अर्थ लावण्याची परंपराच नाही, हा मुद्दा तर एका उदाहरणात संपतो. "ही वचनं हाताला चिन्हादाखल बांध, डोळ्यांच्या मधोमध लाव" (अनुवाद 6:8). रब्बींनी हे शब्दशः घेतलं आणि चामड्याच्या डब्या कपाळाला व दंडाला बांधल्या. मराठी बायबलात त्यांना मंत्रपत्रे म्हटलं आहे. शोमरोनी त्या बांधत नाहीत. त्यांच्या मते हे लाक्षणिक बोलणं आहे. इथे अक्षराला कोण चिकटलं? लेवीय 23:40 मध्ये मांडवांच्या सणासाठी सांगितलेली फळं आणि फांद्या रब्बी हातात धरतात, शोमरोनी त्यांचा मांडव घालतात, घराच्या आत, छताला डाळिंबं-लिंबं टांगून. नहेम्या 8:15 मध्येही फांद्या मांडवासाठीच आणल्या आहेत. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, विस्तवाबाबत मात्र शोमरोनी कडक: आधी लावून ठेवलेला दिवाही नको. चौथ्या शतकातल्या मार्के या त्यांच्या पंडिताचं अरामी भाष्य तर आजही उपलब्ध आहे.

राहता राहिलं ते "परके लोक". अश्शूरच्या सर्गोनचे शिलालेख शोमरोनातून सुमारे 27 हजार लोक नेल्याचं सांगतात, सगळा देश रिकामा केल्याचं नाही. डेलॉस बेटावर सापडलेल्या इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या लेखांत, गरिज्जीमला अर्पण पाठवणारे हे लोक स्वतःला इस्राएली म्हणवतात. यरुशलेमचा यहुदी शासक हिर्केनस याने त्यांचं मंदिर इसवी सनापूर्वी 110 च्या सुमारास पाडलं, तरी ते डोंगर सोडून गेले नाहीत.

रब्बी स्वतः त्यांच्याविषयी काय म्हणत तेही वाचा. रब्बान शिमोन बेन गमलिएल म्हणतात की शोमरोन्यांनी जी आज्ञा धरली ती ते इस्राएलांपेक्षाही काटेकोरपणे पाळतात. 'कुथीम' (रब्बी शोमरोन्यांना याच नावाने ओळखत) या छोट्या रब्बी प्रकरणाच्या शेवटी प्रश्न येतो: यांना परत कधी घ्यायचं? उत्तर दिलं आहे: ते गरिज्जीम सोडतील आणि यरुशलेम व मेलेल्यांचं पुनरुत्थान मानतील तेव्हा. त्या अटींत पुस्तक दुरुस्त करा, ही अट नाही.