मुक्काम पोस्ट वेलांटी

"तुम्ही सभासद नाही," असं पतसंस्थेच्या काउंटरवरच्या मॅडमनी मला सांगितलं, तेव्हा माझ्या एका हातात भागदाखला होता, दुसऱ्यात पासबुक आणि खिशात वार्षिक सभेची नावानिशी घरी आलेली नोटीस. सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "कागद असतील हो. यादीत नाही तुम्ही."

लाभांश होता 126 रुपये. सहकार कायद्याचं 67 वं कलम म्हणतं की 15 टक्क्यांच्या वर लाभांश वाटायचा नाही. आमच्या संस्थेनं त्या कलमाला कधी त्रास दिलेला नाही. पण प्रश्न 126 रुपयांचा नव्हता. म्हणजे होताच, पण तेवढाच नव्हता. पोटापाण्यासाठी मी हेच करतो: दुकानदार, दवाखाने, गोडाऊनवाले यांना कॉम्प्युटरवर याद्या करून देतो. आणि मलाच कुणी तरी यादीतून उडवत होतं.

मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "घ्या, तुम्हीच बघा." व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये, म्हणजे नोंदी साठवायच्या एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, कुणीतरी बांधलेली जुनी यादी. उघडते ती कायम पहिल्या नोंदीवर. पहिला रकाना राज्य. खालपर्यंत महाराष्ट्र, महाराष्ट्र, महाराष्ट्र. दुसरा जिल्हा, खालपर्यंत एकच. तिसरा तालुका, तोही एकच. मग शाखा कोड, आणि संस्थेला शाखाच एक. माणसाचं नाव यायला यादी चांगली उजवीकडे ओढावी लागते, आणि रकाना अरुंद म्हणून ते नावही तुटकं. 'पाटील सं', 'पाटील सं', 'पाटील सं' अशी ओळीनं सगळी मंडळी. यातले आपले कोणते ते कळायला गाव पाहिजे. गाव आणखी उजवीकडे. आणि गाव दिसेपर्यंत नाव डावीकडून पडद्याबाहेर गेलेलं. म्हणून मॅडम एक बोट स्क्रीनवर ओळीला टेकवून ठेवतात आणि दुसऱ्या हातानं माउस ओढतात. वर्षानुवर्षं तिथंच बोट टेकून त्या काचेवर एक आडवी तेलकट रेघ पडली आहे. अख्ख्या सॉफ्टवेअरमधली उपयोगाची म्हणावी अशी सोय ती एकच.

"सभासद क्रमांक सांगा," मॅडम म्हणाल्या. दाखल्यावर दाखला क्रमांक होता, पासबुकावर खाते क्रमांक. सभासद क्रमांक फक्त यादीत, आणि यादीत मी नाही. असता तरी काय होणार होतं म्हणा. क्रमांकाचा रकाना अक्षरांचा ठेवलेला, त्यामुळे 1 च्या मागे 10, त्यामागे 100, त्यामागे 1000, आणि 346 नंतर 3460 पासून 3469 पर्यंतची सगळी मंडळी बसल्यावर मग 347.

"वर शोधायची चौकट आहे ना, तिथं टाईप करा," मी म्हटलं. मॅडमनी मोबाईलवर करतात तसं फोनेटिकमध्ये माझं आडनाव टाईप केलं. चौकटीत आठ प्रश्नचिन्हं उमटली. मग खाली निरोप आला, की अशी नोंद नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्नचिन्हांचा निकाल लागल्यावर आता आणखी काय पुरावा हवा, असा चेहरा.

इथं धंद्यातलं दोन शब्द बोलतो, कारण तिथं बोलू दिलं नाही. फॉक्सप्रो हे काही मठ्ठ जनावर नव्हे. 1991 साली त्यात रशमोर नावाचं तंत्र आलं आणि त्या वेळच्या मरतुकड्या मशीनवरही लाखभर नोंदींतून हवी ती नोंद चुटकीसरशी वर यायला लागली. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनीच विकत घेतली. 2004 साली शेवटची आवृत्ती आली, 2015 च्या जानेवारीत अधिकृत आधार संपला. तरी आपल्याकडे अजून किती काउंटरवर ते जिवंत आहे हे काउंटरच्या या बाजूला उभं राहिलं की कळतं. म्हणजे शोधायची ताकद आत आहे. इंडेक्स लावा, चार अक्षरं टाका, माणूस हजर. पण यादी बांधणाऱ्यानं ती ताकद आतच कोंडली आणि बाहेर बाण दाबत बसायची सोय केली. हे म्हणजे वारीत आपला माणूस शोधायला पहिल्या दिंडीपासून एकेकाच्या तोंडाकडे बघत निघायचं. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 1993 सालीच लिहून ठेवलंय की दहा सेकंदांच्या पलीकडे उत्तर लांबलं की माणसाचं लक्ष उडतं. मॅडमचं लक्ष कधीच उडालं होतं. खाली जाणारा बाण मात्र दाबलेलाच होता.

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "आडनाव काय म्हणालात?"

आप्पा. निवृत्त तलाठी. संस्थेत त्यांचं खातं आहे, पण ते पैशाच्या कामासाठी येत नाहीत. पंखा, वर्तमानपत्र आणि अकराचा चहा यांसाठी येतात.

"पिंपळखरे."

"ऱ्हस्व ना?"

"काय ऱ्हस्व?"

"अहो, पिं. पहिली वेलांटी."

"हो."

"मग प मध्ये काय शोधताय?" आप्पांनी पेपरची घडी घातली. "मॅडम, वेलांटीत बघा. म संपला की वेलांटी, वेलांटी संपली की ह."

मला वाटलं म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण आप्पांनी डोळे मिटले आणि भीमरूपी म्हणावी तशा ठेक्यात म्हणून दाखवलं: "श, ध, य, झ, घ, ठ, थ, भ, ड, छ, फ, ट, ख. दम घ्यायचा. ब, क, म, वेलांटी, ह, प, र, स, द, व, च, त, ज, न, अ, ग, ल, क्ष. झालं. हिचा क्रम असा आहे. आम्ही गावचे गट नंबर तोंडपाठ केले, हे काय!"

"वेलांटी हे अक्षर नाही, आप्पा."

"तुमच्या शाळेत नसेल. इथं आहे. वेलांटीत पहिले शिंदे, मग शिर्के, मग शितोळे. मग किणीकर. मग हिरे. मग तुम्ही, पिंगळ्यांच्या वरच्या ओळीत. तुमच्यानंतर विसपुते, चिटणीस, निकम. वेलांटीवाले पुष्कळ आहेत आपल्याकडे. एक संचालकही वेलांटीतलेच."

"आणि दीर्घ वेलांटी?"

"तिचं काही नाही. ती मागनं येते, गरीब आहे. दीक्षित व्यवस्थित द मध्ये बसलेत." मग जरा जवळ सरकून, "मुलगी कुठे दिलीत?"

"कुलकर्ण्यांकडे."

"म्हणजे क मध्ये." आप्पांनी बोटं मोजली. "क, म, वेलांटी. बरं झालं, जवळच आहे. आमची ल मध्ये दिली. पार टोकाला. शोधताना जीव जातो."

आणि ते बरोबर होतं हो! संताप त्याचाच आहे. जुना टाइपरायटरच्या मांडणीचा फाँट. त्यात मराठी नुसती दिसते. आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं. क म्हणजे आत d, म म्हणजे e, ऱ्हस्व वेलांटी म्हणजे f, ह म्हणजे g, प म्हणजे i. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी उमटते, म्हणून टाइपही आधी होते आणि साठतेही आधी. मशीन बिचारं d, e, f, g असं शहाण्यासारखं लावतं. त्याच्या दृष्टीनं मी पिंपळखरे नाहीच, f पासून सुरू होणारा कुणीतरी आहे. मॅडमचं फोनेटिक युनिकोडचं, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारं; ते या फॉक्सप्रोला झेपत नाही, म्हणून प्रश्नचिन्हं. पूर्वीचे क्लार्क मराठी 30 ची टायपिंग परीक्षा पास होऊन आलेले. ते सवयीनं आधी वेलांटीचं बटण मारत, मग प. यादी बरोबर वेलांटीत जाऊन थांबे. त्यांना यात काही खटकलंच नाही. ते निवृत्त झाले, टायपिंगचे क्लास जाऊन तिथं मोबाईल दुरुस्तीची दुकानं आली, आणि यादीची किल्ली उरली ती एकट्या आप्पांकडे. ज्यांनी ही यादी बांधली त्यांना हे ठाऊक नसणार असं मी मानत नाही. रांगेत त्यांना उभं राहायचं नव्हतं, एवढंच.

"शेळक्यांना मात्र शोधायचं नाही," आप्पांनी माहितीत भर घातली. "चौकटीत शेळके घातलं की मशीन इंग्रजीत काहीतरी बोलतं आणि बंद पडतं. शेळके आले की आम्ही नुसते बाण दाबतो."

तेही बरोबर. त्या फाँटात श म्हणजे आत एक अवतरणचिन्ह आणि एक दांडी. शोध लिहिणाऱ्यानं नावाभोवती तसलंच अवतरणचिन्ह लावलेलं. श आला की मशीनला वाटतं नाव संपलं, आणि उरलेल्या शेळक्यांचं काय करायचं ते त्याला कळत नाही. म्हणजे शहा, शेख, शेळके हे सगळे सभासद असून शोधायला बंदी. आम्हा वेलांटीवाल्यांना निदान वस्ती तरी आहे.

मॅडम वेलांटीत पोचल्या. शिंदे, शिर्के, शितोळे. हिरे. आणि खरंच, मी! 'पिंपळखरे वि'. मी काउंटरवरून वाकून पाहिलं. मॅडमना ओळ नक्की करायची होती म्हणून त्यांनी बोट न टेकता या वेळी माउसनं ओळीच्या अगदी डावीकडच्या चिमुकल्या चौकोनावर टिचकी मारली. चौकोन काळा झाला.

"गेले," आप्पा म्हणाले.

"कोण?"

"तुम्ही. काळा चौकोन म्हणजे नाव कमी केलं. ते वरचे पाहा, तेही काळे. कुणी वारले, कुणी भाग परत केले. जात नाहीत ते कुठं, नुसते काळे होऊन बसतात."

फॉक्सप्रोत असंच आहे. नोंद काढली की ती जात नाही, तिच्यावर खूण होते. कुणीतरी पॅकचा हुकूम देईपर्यंत ती फाईलीतच बसून राहते. काढलेल्या नोंदी यादीत दाखवू नका असं एका ओळीत सांगता येतं. सांगितलेलं नव्हतं. आणि तो चौकोन झाकून टाकायलाही एकच ओळ लागते, तीही लिहिलेली नव्हती. काउंटरवरच्या गर्दीत, दुपारच्या वेळी, माणसाच्या ओळीला चिकटून त्याला मारायचं बटण ठेवलंय, आणि मारताना 'नक्की का?' एवढंही विचारत नाहीत.

"परत तिथंच टिचकी मारा," आप्पा शांतपणे म्हणाले. "जिवंत होतील. त्याला रिकॉल म्हणतात. मागच्या साली आपल्या चेअरमनना केलं होतं."

मॅडमनी टिचकी मारली. मी जिवंत झालो. मग त्यांनी चुकून एस्केप दाबलं आणि यादी पहिल्या नोंदीवर गेली. महाराष्ट्र, महाराष्ट्र, महाराष्ट्र.

माझ्या मागे एक बाई उभ्या होत्या. "क्षीरसागर," त्या म्हणाल्या. "तळाला," आप्पा म्हणाले. मॅडमनी कंट्रोल आणि एंड दाबलं, बाई सापडल्या, सही झाली, पैसे घेऊन बाई गेल्यासुद्धा. शाळेच्या पाटीवर क्ष शेवटाजवळ आणि त्या फाँटात तर अगदी शेवटी. नशीब लागतं.

माझाही लाभांश शेवटी मिळाला. पण मला राहवेना. मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं, की राज्य-जिल्हा-तालुका मागे टाका. नाव, गाव आणि क्रमांक शेजारी शेजारी, पुढे आणा. नाव सरकताना जागेवरून हलू देऊ नका. यादी बंद करून उघडली तर जिथं होता तिथंच उघडू द्या. तो काळा चौकोन आधी झाका. आणि सगळी नावं एकदाची युनिकोडमध्ये न्या, म्हणजे माणसं आपापल्या अक्षरात येतील. हेही सांगितलं, की युनिकोडमध्ये नेल्यावर क्रम मराठीचा निवडा, नाहीतर ळ बसेल ल च्या शेजारी, ह च्या नंतर नाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही याच लाइनमधले वाटतं?"

"हो."

"मग करून टाका की. संस्था आपलीच आहे."

"खर्च येईल, साहेब."

"लाभांश तर घेतलात ना आत्ता?"

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग त्यांनी कायद्यावर आणलं. सभासदांची नोंदवही 'आय' नमुन्यात कागदावर ठेवलेली आहे, कपाटात. किल्ली शिपायाकडे, शिपाई बँकेत. त्यामुळे संस्थेचं काम अडलेलं नाही. माझी सूचना मात्र ते संचालक मंडळापुढे नक्की ठेवतील.

"लेखी अर्ज द्या," त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "आणि वर सभासद क्रमांक टाका, त्याशिवाय आवक होत नाही."

"क्रमांक यादीत आहे. अगदी उजवीकडच्या टोकाला."

साहेबांनी केबिनचं दार उघडून बाहेर हाक मारली, "आप्पा, जरा बघता का?"

आप्पा चहाला गेले होते.