पॉली तुटत नाही, हाच तर घोळ आहे

"8 गटिंग स्वतः टेस्ट केली. निकाल: फुल पॉली, 60 पाउंड, तुटेपर्यंत काढू नका." टेनिस रॅकेटच्या गटिंगबद्दलचा, म्हणजे तारांबद्दलचा, हा मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. पॉली म्हणजे पॉलिस्टरची कडक तार, आणि 60 पाउंड म्हणजे ती किती ताणून बसवायची ते टेन्शन. मी हसून सोडून दिला होता, पण आमच्या भाऊजींनी मनावर घेतला. वय 47, आठवड्यातून दोनदा डबल्स, आणि आता भरलेली बादली उचलताना कोपर धरतात. कोपराला दुसरंही कारण असेल, मी डॉक्टर नाही, पण गप्प बसवेना.

आधी ती टेस्टच बघा. आठही तारा नव्याकोऱ्या, प्रत्येकी एक तास, त्यातही वेगवेगळ्या रॅकेटवर! मग टेस्ट तारेची झाली की रॅकेटची? आणि पहिल्या तासात पॉली झकासच लागते हो, कोण नाही म्हणतंय. तिसऱ्या आठवड्यातली पॉली आणि तितकंच खेळलेलं मल्टिफिलामेंट (बारीक नायलॉन धाग्यांची मऊ तार), एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटवर, शेजारी शेजारी घेऊन खेळा आणि मग निकाल फॉरवर्ड करा.

कारण 'तुटेपर्यंत काढू नका' हेच सगळ्यात वाईट आहे. पॉलीचं टेन्शन मशीनवरून उतरल्यापासून घसरायला लागतं आणि नायलॉनपेक्षा जास्त घसरतं. वर पॉलीचा स्पिन येतो तो उभ्या तारा बॉलबरोबर सरकून पटकन जागेवर परत येतात म्हणून, त्या खाचा पडून अडकायला लागल्या की स्पिन गेला, फील गेला, आणि आपण वेड्यासारखा हात अजून जोरात फिरवतो. मल्टिफिलामेंट निदान धागे सुटून सांगतं की माझं झालं. पॉली काहीच सांगत नाही, मेलेली असून ताठ उभी.

'हाताला काही होत नाही' म्हणे. टेनिस वेअरहाउस युनिव्हर्सिटी या वेबसाइटवर क्रॉफर्ड लिंडसे यांनी शेकडो तारा मशीनवर मोजून आकडे टाकलेत, ते बघा. कडकपणा नॅचरल गटचा (जनावराच्या आतड्याची तार) साधारण 100 पाउंड प्रति इंच, बऱ्याच पॉलींचा 200 च्या वर, नायलॉन मधे. आता ती पॉली 60 ला ताणायची? कशाला?

'प्रो लोक हेच वापरतात.' हो, 1997 ला ब्राझीलचा कुर्तेन लक्झिलॉन कंपनीची पॉली घेऊन फ्रेंच ओपन जिंकला आणि पॉलीचं वेड पसरलं, खरं आहे. पण प्रो मॅचला ताजं गटिंग घेऊन उतरतात, आपण वर्ष काढतो. आणि फेडररने तर वर्षानुवर्षं उभ्या तारा नॅचरल गटच्याच ठेवल्या, आडव्या फक्त पॉली. ते मेसेजात नाही.

डॅम्पनरने (तारांत अडकवायचा रबराचा तुकडा) टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, टळतो हेही त्यातच घुसडलंय. तो तारांचा टणटणाट थांबवतो, फ्रेमची थरथर नाही. पुढे चला.

एक मान्य करतो, नाइलाजाने. पूर्ण स्विंगने जबरी टॉपस्पिन मारणारा, महिन्याला दोन गटिंग तोडणारा कोणी असेल तर पॉली त्याच्यासाठी आहे. त्यानेही 50 च्या आत-बाहेर सुरुवात करावी आणि मेली की कापावी.

भाऊजींची काल मीच कापली, 8 महिन्यांची. उभ्या तारांवर अशा खाचा की नख अडकत होतं. मल्टिफिलामेंट 52 ला टाकून दिलं. रॅकेट हातात घेऊन म्हणतात, "पण तुटली कुठे होती?"