कूलरसमोरून उठवलं

मला कूलरसमोरून उठवलं. चुलतभावाच्या लग्नात, भर मे महिन्यात, मुहूर्त टळून गेलेला, नवरदेव अजून मित्रांच्या ताब्यात, बँडवाला गाणं संपू द्यायला तयार नाही, आणि मी मांडवात तिसऱ्या रांगेतली एक पाय वाकडा असलेली प्लास्टिकची खुर्ची धरून बसलो होतो. फार काही मागत नव्हतो कोणाला. तिथून उठवलं. कारण काय, तर मी समुद्रावर राहतो.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, वर्धा जिल्हा. नावावर जाऊ नका, कोणत्याही बाजूनं निघालं तरी खरा समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढंच लागतो. नोकरीनं मला चेन्नईला नेऊन टाकलं, तेव्हापासून गावातल्या लोकांच्या डोक्यात एकच चित्र आहे की हा पोट्टा चड्डी घालून वाळूत झोपून राहतो आणि पगार खात्यात आपोआप येते.

तर काकाजी. कोणाचे काकाजी ते मला अजून कळलं नाही, आमच्याकडचे म्हणतात नवरीकडचे, नवरीकडचे म्हणतात तुमचेच ना. पण मांडवातल्या जंबो कूलरचा ताबा त्यांच्याकडं होता आणि तो त्यांना कोणी दिला असंही नाही. डोक्याला दुपट्टा, शर्टाच्या खिशात उन्ह लागू नये म्हणून कांदा, हातात हिरवा पाइप. दर पाच मिनिटांनी टाकीत हात कोपरापर्यंत घालून पाणी मोजायचे, मग तोच ओला हात दुपट्ट्याला पुसत समोरच्या खुर्च्यांवर कोण कोण बसलं आहे ते पाहायचे. पहिली रांग जावयांची, दुसरी ज्याचं बायपास झालं त्यांची, तिसऱ्या रांगेत मी सापडलो.

"कोन्या गावचा तू?"

"इथलाच काकाजी, पण आता चेन्नईला असतो."

"चेन्नई म्हंजे मद्रासच ना? समुद्राले लागून?"

"हो."

"मंग ऊठ."

मला वाटलं गंमत करून राहिले. नाही. त्यांनी मागं वळून कोण्या भाटव्याला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, हाक मारली आणि तो येईपर्यंत माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. "तू बारा महिने समुद्राची हवा खाते, तुले इथी काय कमी पडली? हे लोकं तिकडं उन्हात मरून राह्यले." लोकं म्हणजे तो भाटवा, जो हिंगणघाटहून एसी गाडीत आला होता, काच खाली न करता.

बरं, उठवलं तर जाऊ द्यावं. ते नाही. पाइप माझ्या हातात दिला आणि कूलरच्या मागच्या बाजूला उभं केलं. कूलरच्या मागं कधी उभं राहिलात का? पुढून गार हवा सोडायला तो मागून सगळ्या मांडवाची गरम हवा ओढून घेतो, आणि ती तुमच्या अंगावरून जाते. तिथं माझी चौकशी सुरू झाली.

"तथी कूलर कोणता लावला?"

"काकाजी, तिथं कूलर चालत नाही."

"काऊन? लाइन नसते?"

मी समजावून सांगितलं. खरंच सांगितलं, कारण मला वाटलं माणूस कूलरवाला आहे, कूलरच्या भाषेत समजेल. म्हटलं, आपल्याकडं हवा कोरडी, ४५ डिग्रीची हवा कूलरच्या बाजूच्या ओल्या ताट्यातून, म्हणजे भुशाच्या जाळ्यातून, गेली की पाणी उडते आणि ती पंचवीस-सत्तावीसपर्यंत खाली येते. चेन्नईत हवा आधीच पाण्यानं भरलेली, त्यात ताट्यांचं पाणी उडायला जागाच नाही, ३४-३५ ची हवा आत घातली तर तीस-एकतीसची बाहेर येते, वरून चादरी ओल्या. काकाजींनी डोळे मिटून ऐकलं. टाकीत एकदा हात घातला.

"ताट्या बदलून पाह्य," म्हणाले. "वाळ्याच्या लाव. हे लाकडाचा भुसा काही कामाचा नाही."

मग मी थोडा पेटलो, खोटं कशाला बोलू. म्हटलं काकाजी, हवामान खातं मैदानी भागात ४० च्या खाली उष्णतेची लाट धरतच नाही, किनाऱ्यावर ३७ लाच धरते, का ते विचारा.

"म्हंजे तुमाले तीन डिग्री माफ," काकाजी म्हणाले, आणि बायपासवाल्या रांगेतून कोणीतरी हसलं.

म्हटलं आपला नवतपा, कडक उन्हाचा काळ, नऊ दिवसांचा, २५ मेपासून. तिकडं अग्नि नक्षत्रम म्हणतात, ते ४ मेच्या आसपास लागतं ते २८ पर्यंत.

"हाव ना. जे आमचं नऊ दिवसात होते त्याले तुमाले पंचवीस लागते."

याच्यापुढं काय बोलता! मी पाइप धरून गप्प.

आता मला सांगा, आमच्याकडं ४६ झालं की पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, रिकामा रस्ता, तोंडाला दुपट्टा बांधलेली पोरगी, वरती आकडा मोठ्या अक्षरात, आणि गाव तो आकडा बक्षीस मिळाल्यासारखा मिरवते. ३५ डिग्रीत आंघोळ करून टॉवेल ठेवायच्या आधी परत ओला झालेल्या माणसाचा फोटो कोणी काढत नाही. चेन्नईचा आकडाच मेला किरकोळ. (एकदा त्यांनीही ४५ गाठले होते, ३१ मे २००३ ला, पण तेव्हा मी तिथं नव्हतो, माझ्या नशिबी फक्त घाम.) आईनं उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या कुरड्या आणि सरगुंडे डबा सीलबंद करून देते, तिकडं डबा दोनदा उघडला की कुरडी मऊ पडते, वाकवली तर वाकते, तुटत नाही. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकले तर तांदूळच ओले. लग्नासाठी म्हणून कपाटातून चामड्याचा पट्टा काढला तर त्यावर पांढरी बुरशी, भोकाभोकात पसरलेली, आणि बॅगेची चेन हिरवी होऊन अर्ध्यावर अडकलेली. एसीवाला आला, बाहेरच्या डब्याचं तांबं खाल्लेलं दाखवलं, बोट समुद्राकडं केलं आणि बिल दिलं. एवढंच. समुद्राशी माझा हा संबंध आहे. बाकी तो मला पाहुणे आल्यावर दिसतो. मरीनावर, म्हणजे तिकडच्या मोठ्या किनाऱ्यावर, पाण्यात शिरायलाही बंदी आहे, पाण्याला ओढ जबर, पोलीस शिट्ट्या मारून बाहेर काढतात. पाहुणे घोट्यापर्यंत पाय ओले करून फोटो काढतात आणि वाळू माझ्या घरात आणतात.

काकाजींना यातलं पाण्याचं तेवढं लागलं. मी म्हटलं होतं की बोअरचं पाणी खारं येते, प्यायला कॅन विकत घ्यावी लागते.

"खोटं बोलून राह्यला तू. मी रामेश्वरले गेलो, बावीस कुंडाची आंघोळ केली, समुद्र असा हातभर अंतरावर, अन् बावीसच्या बावीस पाणी गोड. मी चाखून पाह्यलं प्रत्येक."

"काकाजी, रामेश्वर वेगळं..."

"समुद्र तोच आहे ना?"

तोच आहे. काय सांगू मी त्यांना, की २०१९ च्या जूनमधे या समुद्राला लागून असलेल्या शहराचे पूंडी, चोलवरम, रेड हिल्स, चेंबरमबक्कम हे चारही तलाव जवळपास कोरडे पडले होते, लोक रात्री घागरी घेऊन टँकरची वाट पाहत बसायचे, अगदी आपल्यासारखंच. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा राग त्यांच्या रामेश्वराचा नव्हता आला. मांडवासाठी बोलावलेला टँकर एकच होता. आमच्या काकू पंगतीच्या पाण्यासाठी दोन बकेटा घेऊन पाइपाजवळ कधीच्या उभ्या होत्या, आणि काकाजी त्यांना "थांब व बाई, ताट्या सुकल्या तर हवा गरम होते" म्हणून थांबवत होते. गावात नळ दिवसाआड येतो, तोही आला तर. वरणभात वाढून झाला, पानात मठ्ठा आला, पाणी आलं नाही, पण पहिल्या रांगेतल्या जावयाच्या केसाला घाम फुटला नाही. यावर मांडवात कोणीच काही बोललं नाही, मीही नाही, मी तर पाइपच धरून होतो.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि लाइन गेली. जनरेटर फक्त माइकला जोडलेला. पुढची एक अक्षताभर वेळ मला फार बरं वाटलं.

निघताना काकाजींनी मला शोधून काढलं. आवाज एकदम मऊ. "दिवाळीले येतो आम्ही मद्रासले. पोट्ट्यायनं समुद्र पाह्यला नाही."

मी म्हटलं या की, पण दिवाळीत नका येऊ, तिकडचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, डिसेंबर २०२३ ला मिचाँग चक्रीवादळ आलं तेव्हा गाड्या तरंगत होत्या रस्त्यात.

काकाजींनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. "दिवाळीत पाऊस. येऊ नका म्हन ना सरळ."

चेन्नईला पोचून बॅग उघडली नाही तोच आईचा फोन. "काऊन रे, त्यायले घरी येऊ नको म्हणला म्हणे? सगळ्या गावात सांगून राह्यले ते." मी नवतपा, कूलर, पाऊस सगळं पहिल्यापासून सांगितलं. आई म्हणाली मोठ्या माणसाशी असं बोलत नाही, आणि मीच बोलावलं त्यायले, ठरलं.

आता माझा सगळा जीव रेल्वेवर आहे. आधी रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आणलं. श्रावणातली अमावास्या पोळ्याची, आश्विनातली दिवाळीची, मधे दोन महिने. म्हणजे पोळ्याच्या सकाळी, बैल धुवायच्याही आधी, काकाजी सेवाग्राम स्टेशनच्या खिडकीवर उभे दिसतील. बारा जण आहेत. अंथरूण-पांघरूण आपलं आणतो म्हणाले, आणि कूलरही आणतो म्हणाले, लहानवाला, वाळ्याच्या ताट्यांसकट.