गिअर कामून काहाडला?

परवाच्या रविवारची गोष्ट आहे आणि डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहून टाकतो. मला आरसी क्रॉलरचा नाद आहे. म्हणजे रिमोटवर चालणारी, खऱ्या जीपच्या दहाव्या हिश्श्याएवढी गाडी, जिचं एकच काम, दगडावर मुंगीसारखं चढायचं. अंबाजोगाईत दगडाला तोटा नाही. मुकुंदराजाच्या रस्त्याला बालाघाटाचा काळा कातळ फुटून पडलाय, तिथं सकाळी कुणी नसतं. नसतं म्हणजे, असं मला वाटायचं.

तर झालं असं की गाडीचा गिअरबॉक्स कुईं कुईं करायचा. मी नवी ब्रशलेस आउटरनर मोटार (आत ब्रश नसलेली, बाहेरचं कवच फिरणारी) मागवली (साडेसहा हजार, बावीस दिवस वाट, वरून कुरिअरवाला म्हणे सर स्टँडवर येऊन घेऊन जा) आणि डोक्यात आलं की एवढी ताकदवान मोटार आहे तर मधे गिअर कशाला, सरळ शाफ्टलाच जोडू. डायरेक्ट ड्राइव्ह! आवाज नाही, दाते झिजणं नाही. शनिवारी रात्री दीडपर्यंत बसून जोडली आणि रविवारी साडेसातला पहिल्याच दगडावर गाडी दोनदा थरथरली, मग नुसती उभी राहिली, मी रेटून थ्रॉटल दिला आणि खालून धूर निघाला.

तेवढ्यात मागून, "वाइंडिंग गेलं."

वळून बघतो तर पासष्टीचे एक मामा, धोतर, टोपी, आणि मोटरसायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आणि सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलेली तीन एचपीची पाण्याची मोटार. जळालेली. रिवाइंडिंगला निघाले होते. आता बघा, आमच्या मराठवाड्यात "मोटार जळली" म्हटलं की ते एखाद्या माणसाच्या मयतीएवढं गंभीर असतं, त्यामुळं मामांनी गाडी स्टँडला लावली, जवळ आले, उकिडवे बसले आणि माझ्या जीपला नाक लावलं. मग उठून स्वतःच्या मोटारीला नाक लावलं. परत येऊन म्हणाले, "वास सेम हाय."

"किती एचपीची?"

"एचपीत नसते हो मामा, केव्हीत असते. बाराशे केव्ही. एका व्होल्टला बाराशे फेरे, बिनभाराचे."

"बाराशे," मामा म्हणाले, पण ते ऐकल्यासारखं नाही, कीव आल्यासारखं. "पानी किती इंच मारती?"

"पाणी नाही, ही दगड चढते."

"चढली का?"

ह्याला काय उत्तर देणार. मग त्यांनी विचारलं, पोराची हाय का. म्हटलं नाही, माझीच. लेकरं किती? एक पोरगी. "मंग ती काय खेळती?" मी म्हटलं ती दहावीला आहे, अभ्यास करते. मामांनी हे असं काही ऐकून घेतलं की मला चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढं लहान कधी वाटलं नव्हतं.

आणि मी, मूर्ख, समजावून सांगायला गेलो. गिअर होता, काढला, थेट जोडलं.

"गिअर काहाडला? कामून?"

"आवाज येत होता."

"म्हैस हंबरती म्हून म्हैस काहाडून टाकता का तुमी?"

मग रसवंतीवर गाडी आली. मोटार कशी भन्नाट फिरती, मोठ्या चाकावरून फेरे कमी होत होत चरक कसा निवांत फिरतो, आन् त्या निवांतपणातच ऊस पिळायचा जोर असतो. "मधली चाकं काहाडून मोटार चरकाला लावून बगा, ऊस तसाच ऱ्हाईल आन् मोटारीचा रस निघंल." हे सगळं हातवारे करून, माझ्या मोडक्या जीपवरून काडी फिरवत. तोवर दोन मोटरसायकली आणि दूध घालून येणारा एक पोरगा थांबलेला. पोरगं मोबाईलमधे शूट करायलं होतं, त्याला मी काही बोललो नाही, बोलायला पाहिजे होतं.

चीड कशाची येते सांगू, मामा बरोबर होते. घरी येऊन हिशोब केला. अडीच किलोची गाडी, पंचेचाळीस अंशाचा चढ, सहा सेंटीमीटर त्रिज्येचं चाक, म्हणजे चाकांना मिळून साधारण 1 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो. आधी सगळे गिअर मिळून 40 ला 1 होते, म्हणजे मोटारीचे चाळीस फेरे तेव्हा चाकाचा एक, त्यावर घर्षण सोडलं तर ही नवी मोटार सव्वातीन अँपिअरमधे ते काम करू शकली असती. बॉक्स काढल्यावर फक्त अ‍ॅक्सलमधले 3 ला 1 उरले, म्हणजे तोच चढ त्रेचाळीस-चव्वेचाळीस अँपिअरला. आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गानं, म्हणजे पावणेदोनशे पट! वर मोटार जागेवर अडलेली, सगळी वीज धुरातच जाणार. त्यात माझ्या मोटारीला सेन्सर नाही, हळू फिरताना रोटर (मोटारीचा फिरणारा भाग) नेमका कुठंय ते तिला वीज देणाऱ्या कंट्रोलरला कळतच नाही, ती थरथर त्याचीच होती. गंमत म्हणजे 3 सेल बॅटरीवर, 11.1 व्होल्टला, हीच जीप कागदावर ताशी 100 किलोमीटर पळते. मुंगीच्या चालीनं चढणारी गाडी. हा हिशोब शनिवारी रात्री करता आला असता, पण तेव्हा मला आवाजाचा राग आलेला होता.

मामांना किंमत सांगितली तीही चूकच. "साडेसहा हजार? अर्धी शेळी आली असती. आन् शेळी जळत न्हाई."

मी वैतागून म्हटलं, तुमची पण जळलीच की, तुमचा तर गिअर कुणी काढला नव्हता.

मामा हसले नाहीत. म्हणाले, लाईट रात्रीची, अकरानंतर येती, आन् व्होल्टेज न्हाई. व्होल्टेज पडलं तरी मोटारीला पानी तेवढंच वढायचंय, मंग ती अँपिअर वाढवून वढती आन् तापती. ह्या साली दुसऱ्यांदा. दर वेळी रिवाइंडिंगचे तीन-साडेतीन हजार, चार दिवस पानी बंद, उसाची पानं पिवळी. तक्रार केली तर अर्ज मागतेत, अर्ज दिला तर ट्रान्सफॉर्मरवर लोड हाय म्हनतेत, ते तर मलाबी म्हाईत हाय की. माझ्याकडं ह्यावर बोलायला काही नव्हतं. मी माझी साडेसहा हजारांची मौज करून जाळली होती, त्यांची रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर उभं असताना जळाली होती. दूधवाल्या पोरानं मोबाईल खिशात घातला.

जाताना मामांनी माझा नंबर घेतला. गिअर बसला की कळवा म्हणे, मला बगायचंय दगड चढती का. तेव्हापासून रोज सकाळी सहाला महादेवाचा फोटो आणि खाली "मोटार चालू झाली का".

मंगळवारी रात्री गिअरबॉक्स परत बसवला, जुनी 55 टर्नची (वाइंडिंगच्या वेढ्यांची) ब्रशवाली मोटार टाकली. अंगणातल्या पायरीवर चढवून बघितली, कुईं कुईं करत चढली. बुधवारी मामांचा फोनच आला, "बसवला का गिअर?"

म्हटलं, नाही अजून.