मका, माझी खिडकी आणि 'फसवणूक' हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून खोडून टाकलं. आज चार दिवसांनी लिहितेय. राग पूर्ण निवळलाय असं म्हणणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एप्रिलच्या सुरुवातीला मी स्वीट कॉर्नवर लेख लिहिला होता, खास पहिल्यांदाच भाजीपाला लावणाऱ्यांसाठी. इथे इंग्लंडमधल्या लीड्समध्ये एप्रिलच्या मध्यावर बी घरातच, खिडकीत, पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये लावायचं आणि मेच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं बाहेर न्यायची, एवढाच त्याचा गाभा. त्यावर येवल्याकडच्या या वाचकांनी लिहिलं, "ताई, मका हे टोकायचं (म्हणजे भोक पाडून बी थेट जमिनीत टाकायचं) पीक आहे. त्याची रोपं करायला सांगणं म्हणजे नवशिक्यांची फसवणूक आहे. चार कुंड्या लावल्या की लोक स्वतःला शेतकरी समजायला लागतात. मक्याला सोटमूळ नसतं एवढंही तुम्हाला ठाऊक नाही?" त्याखाली आणखी तीन मुद्दे होते. परागीभवनाचं मी लिहिलं नाही, गोड मका साध्या मक्याजवळ लावू नये हे सांगितलं नाही, आणि थेट टोकलेला मका रोपांच्या मक्याला पुढे गाठतोच.

सोटमुळाचं आधी संपवते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मक्याला तंतुमुळं असतात, आणि झाड वाढलं की खालच्या पेऱ्यांतून आधारमुळं फुटून जमिनीत शिरतात. मी 'सोटमूळ' लिहिलं, ते चुकलं. लेखात दुरुस्ती केली आहे. मला म्हणायचं होतं ते असं, की बी रुजल्यावर पहिलं मूळ सरळ खाली धावतं, म्हणून उथळ ट्रे चालत नाही, खोल भांडं लागतं. शब्द चुकला, सांगितलेली कृती चुकलेली नाही. दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता 'फसवणूक'.

दादा, हा शब्द लिहिताना तुम्ही क्षणभर थांबलात का? फसवणूक कशासाठी करतात? समोरच्याकडून काहीतरी काढून घेण्यासाठी. मी बी विकत नाही, कुंड्या विकत नाही, माझ्या पानावर एक जाहिरात नाही. रात्री मुलगी झोपल्यावर तास-दीड तास बसून लिहिते, फोटो काढते, वाचकांनी विचारलं तर रविवारी उत्तरं देते. माझी माहिती चुकीची आहे असं म्हणा, अपुरी आहे म्हणा, मी ऐकून घेईन. सोटमुळाचं ऐकलंच ना? पण एकीकडे मला 'ताई' म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात लबाड ठरवायचं, ही कुठली रीत? आमच्याकडे ज्या बाईला ताई म्हणतात तिच्याशी असं बोलत नाहीत. तुमच्याकडेही बोलत नसतील.

आणि 'चार कुंड्या'. हे मला जास्त लागलं, खरं सांगते.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. विहिरीला पाणी असेल त्या वर्षी आजोबा अर्धा एकर मका जनावरांसाठी करायचे. मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आजीच्या मागे सरीने चाललेय. ती टोकणीने भोक पाडायची, मी दोन दोन दाणे टाकायचे, मागून मामी पायाने माती लोटायची. आजी म्हणायची, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको, नाहीतर कोंब वर येईतो थकतो. नंतर इथल्या बियांच्या पाकिटावर वाचलं, अडीच सेंटीमीटर. म्हणजे टोकणी काय असते ते मला पाकिटावरून कळलेलं नाही. मी शेतकरी आहे असं मी कधीच कुठे लिहिलेलं नाही, पण टोकणी तुमच्याकडून शिकायची वेळही माझ्यावर आलेली नाही.

उलट ती शिकवण घेऊनच मी इथे आले, आणि तिनेच मला पहिल्या वर्षी आपटवलं. २०१९ मध्ये कौन्सिलकडून अलॉटमेंट मिळाली, म्हणजे वर्षाच्या भाड्याने भाजीपाल्यासाठी मिळणारा जमिनीचा तुकडा. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी स्वच्छ ऊन पडलं होतं. मी स्वेटर काढून ठेवला आणि आजीने शिकवलं तसे चाळीस दाणे टोकले. तीन आठवड्यांनी सात कोंब वर आले. बाकीचे कुठे गेले म्हणून मी एक एक जागा बोटाने उकरली. काही ठिकाणी दाण्याची नुसती साल उरली होती, आतलं उंदरांनी नेलं होतं. बहुतेक ठिकाणी दाणा जागेवरच होता, पण बोटात धरला की गिळगिळीत व्हायचा, आंबूस वास यायचा, अंगावर करडी बुरशी. एका दाण्याला अर्ध्या नखाएवढा मोड आलेला होता आणि तो तिथेच तपकिरी पडला होता. तो हातात घेऊन मी बराच वेळ वाफ्याच्या कडेला बसले होते.

शेजारच्या तुकड्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा आहेत. त्यांनी काही न बोलता आपला जमिनीत खुपसायचा थर्मामीटर आणून दिला. त्यात आठ अंश. ऊन अंगाला लागत होतं, मातीला लागलेलं नव्हतं.

दादा, सगळा वाद इथे मिटायला हवा. मक्याच्या दाण्याला रुजायला जमिनीत निदान दहा अंश लागतात, आणि नीट, एकसारखं रुजायला अठरा-वीसच्या पुढे. त्याखाली दाणा पाणी पितो, फुगतो, पण पुढे सरकत नाही, आणि मातीतली बुरशी आधी जेवून घेते. त्यात मी आणलेलं वाण सुपरस्वीट. हे दाणे तुम्ही पाहिले असतील, सुकल्यावर अगदी सुरकुतलेले दिसतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी १९५० च्या दशकात ज्या जनुकावरून हे वाण पुढे आणलं, त्याचं नावच 'सुरकुतलेला' या अर्थाचं आहे. साखर जास्त, पिष्ट कमी, म्हणून दाणा आक्रसतो. आणि पिष्ट हीच कोंबाची शिदोरी. शिदोरी कमी असलेला दाणा गार, ओल्या मातीत तग धरत नाही. येवल्यात जूनमध्ये पहिल्या पावसानंतर तुम्ही टोकता तेव्हा जमीन उन्हाळाभर भाजून निघालेली असते. तुमच्या जमिनीत ही अडचण येतच नाही, म्हणून ती कुठेच येत नसेल असं तुम्ही धरून चाललात.

मग जमीन तापेपर्यंत थांबावं, असं तुम्ही म्हणाल. तेही केलंय. त्याच वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा टोकलं. छान उगवलं, कमरेच्या वर गेलं, तुरे आले. पण इथे जुलैतही दुपारी वीस-एकवीस अंश म्हणजे बरा दिवस, आणि सप्टेंबर लागला की ऊब झपाट्याने ओसरते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कणसं सोलली तर टोकाकडचा निम्मा भाग बोडका, आणि भरलेले दाणे पाणचट. माझ्या मुलीने एक चावा घेऊन ते ताटात ठेवून दिलं. एप्रिलमध्ये जमीन गार आणि ऑक्टोबरमध्ये हवा गार, मधे जो काळ उरतो तो मक्याला जेमतेम पुरतो. घरातल्या पाच-सहा आठवड्यांनी तो काळ लांबवता येतो. रोपं करण्यामागे एवढं एकच कारण आहे, आणि ते मी लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचला असता तर ही प्रतिक्रिया लिहिलीच नसती असं मला वाटतं.

२०२० पासून मी स्विफ्ट नावाचं लवकर येणारं संकरित वाण लावते, आणि सगळं खिडकीत. टॉयलेट रोलच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या हिवाळाभर जमवते, एका डब्यात खेटून उभ्या करते, कंपोस्टने भरते, प्रत्येकीत एक दाणा. सात ते दहा दिवसांत हिरवी सुई वर येते, मग ती उलगडून पहिलं पान होतं. पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, तिला घाबरायचं नाही, पाणी जरा कमी करायचं. मेच्या मध्यापासून आठ-दहा दिवस रोपं दिवसा बाहेर आणि रात्री आत. शेजारच्या आजोबांचा नियम असा, की मेमधल्या शेवटच्या सोमवारची सुट्टी झाल्याशिवाय मका बाहेर मुक्कामाला ठेवायचा नाही, आणि मी तो पाळते.

मुळं दुखावतात म्हणून मका हलवू नये, हे तुमच्या वाक्यामागचं कारण मला माहीत आहे. म्हणूनच तर नळी! रोप उपटायचंच नाही. ओली नळी रोपासकट जमिनीत जाते, वरची कड मातीखाली दाबायची म्हणजे ती ओल शोषून उडवत नाही, आणि पुठ्ठा जागेवर कुजतो. मुळाला हात लागत नाही. आणि 'टोकायचं पीक' हा काही दगडावरचा लेख नाही. भातही गवतच, मक्याच्याच कुळातलं, त्याची रोपं उपटून चिखलात लावणी कोकणात आणि मावळात पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. उसाचं घ्या. कांडीशिवाय ऊस लावतात हे माझ्या आजोबांना पटलं नसतं, आज कोल्हापूर-सांगलीकडे ट्रेमधली ऊसरोपं सर्रास लावतात. त्या शेतकऱ्यांना तुम्ही फसवणूक करणारे म्हणाल का? म्हणणार नाही. मग मला का म्हणता?

राहिले तुमचे तीन मुद्दे. परागीभवनावर मी स्वतंत्र लिहिणारच होते. वाऱ्यावर पराग येतात, कणसाच्या प्रत्येक केसामागे एक दाणा, म्हणून एका ओळीत न लावता चौकोनात लावायचं, हे मला ठाऊक आहे. सगळं एकाच लेखात कोंबलं तर नवशिका घाबरतो. साध्या मक्याचे पराग आले तर गोड मक्याचे दाणे पिठूळ होतात, तेही खरं, पण आमच्या अलॉटमेंटवर साधा मका कुणीच लावत नाही. थेट टोकलेला मका पुढे गाठतो म्हणता, तर उबदार ठिकाणी गाठत असेल. त्यावर मला आणखी काही म्हणायचं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. दोघा-तिघांनी तसं सुचवलं होतं. तुम्ही चाळीस वर्षं मका करताय असं तुम्ही लिहिलंय, त्या अनुभवाचा मला आदर आहे. येवल्यातल्या मक्याबद्दल मी तुमच्याशी वाद घालायला कधी येणार नाही. लीड्समधल्या मक्याबद्दल बोलताना तुम्हीही तेवढंच करावं, एवढी माझी अपेक्षा आहे, आणि ती जास्त आहे असं मला वाटत नाही.

यंदा २४ नळ्या लावल्या, १५ एप्रिलला. आज सकाळपर्यंत २१ वर आल्यात. जूनमध्ये तुम्ही टोकणी कराल तेव्हा सकाळी सातला जमिनीत दहा सेंटीमीटरवरचं तापमान मोजून इथे लिहा. माझं आत्ता लिहिते. आज सकाळी सातला, दहा सेंटीमीटर खोल, नऊ अंश.