उपरोक्त विषयास अनुसरून

सरकारी कचेरीत ३४ वर्षे टिपण्या आणि मसुदे लिहिण्यात गेल्यामुळे यंत्राशी बोलतानाही ‘महोदय’ म्हटल्याशिवाय माझे पाऊल पुढे पडत नाही. वरच्या मजल्यावरून आमच्या न्हाणीघरात होणाऱ्या गळतीबद्दल सोसायटीच्या सचिवांना पत्र हवे होते, म्हणून मी चॅटजीपीटीला एका बोटाने, अर्धा तास खर्चून लिहिले : ‘विषय : गळतीबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून योग्य तो मसुदा सादर करावा, ही विनंती.’ आलेला मसुदा इतका योग्य होता, की तो कोणत्याही गळतीला चालला असता. धरणाच्या, छपराच्या, फार तर केसांच्यासुद्धा.

मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याला काही सांगतच नाही. माइक दाबा आणि आईकडे करता तशी कटकट करा.”

पण पत्नी ऐकत असताना मोकळेपणाने बोलणे लग्नाला ३६ वर्षे झालेल्या माणसाला जमत नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा गप्पा मारणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याच्याशी दोनचार वाक्ये बोलून होताच त्यांच्या सेक्रेटरीने खुद्द त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले होते. त्या बाईंची अडचण मला पूर्ण समजते. मी गॅलरीत गेलो आणि दार लोटून घेतले.

सात मिनिटे बोललो. छतावरचा डाग आधी पोळीएवढा होता, तो आता परातीएवढा झाला आहे. पाऊस असो वा नसो, सकाळी साडेसहाला वरच्यांच्या आंघोळी सुरू झाल्या की थेंब पडतात. प्लंबर दोनदा पैसे घेऊन सिमेंट थापून गेला. वरचे गृहस्थ भले आहेत, माझ्या छातीत दुखले तेव्हा रात्री गाडी त्यांनीच काढली होती, तेव्हा पत्र कडक हवे, पण जिन्यात तोंड फिरवावे लागेल इतके नको. मध्येच कुकरने शिट्टी दिली, मेथीवाला ओरडून गेला, आणि फोनने ‘गळती’चे इमानेइतबारे प्रत्येक ठिकाणी ‘गलती’ केले.

तरीही पत्र नेमके आले. पाणी आंघोळीच्या वेळीच येते, त्यामुळे दोष गच्चीचा नसून वरच्या मोरीच्या निचऱ्याचा असावा, हे पहिल्याच परिच्छेदात होते. गाडीचे उपकार शेवटी, अदबीने. मेथी तेवढी गाळली होती, आणि एवढा विवेक आमच्या कचेरीत क्वचितच दिसे. जे तपशील मी जन्मभर ‘अनावश्यक’ म्हणून लाल शाईने खोडले, नेमके तेच यंत्राला हवे होते. पुढचा शब्द त्याला मागच्या शब्दांवरूनच जुळवायचा असतो, आणि मागे मी ‘उपरोक्त’खेरीज काही ठेवलेच नव्हते.

वरची मोरी परवा खोदली. काल संध्याकाळी पत्नीने माझा फोन मागून घेतला आणि मला कोथिंबीर आणायला पिटाळले. फ्रिजमध्ये अख्खी जुडी होती.